ओल्या हाताचा चाकू

चाकू कसा निवडावा, हे मी विजयच्या आईकडून शिकलो यार. पोर्टलंडला एम.एस. करताना मी ग्रोसरी स्टोअरमध्ये भाजीची खोकी फोडायचो. साधा चाकू निसटून अंगठ्याला तीन टाके पडले, म्हणून रोज खिशात ठेवायला एका हातानं उघडणारा बटणाचा चाकू घ्यायचा ठरवला. रूममेट विजयची आई तेव्हा रत्नागिरीहून आलेली. काकूंनी तीस वर्षं बंदरावर मासे कापून विकलेले, म्हणून त्यांनाही चाकूंच्या दुकानात नेलं.

मी आपला कुठल्या चाकूचा खटका जोरात वाजतो ते बघत होतो.

काकू म्हणाल्या, "त्याच्याकडे पाणी माग."

म्हातारा दुकानदार लगबगीनं बर्फ घातलेला ग्लास घेऊन आला. काकूंनी सरळ त्यात बोटं बुडवली आणि ओल्या हातानं एकेक चाकू उघडून बघितला. दोन हातातून सटकले. तिसरा घट्ट राहिला.

"हा घे. मेल्या, दिवसभर ओल्या भाजीत असतोस, आणि चाकू कोरड्या हातानं बघतोस?"

काकूंचं म्हणणं मी दुकानदाराला इंग्रजीत सांगितलं.

महिन्याभरानं पुन्हा गेलो, तर काउंटरवर चाकूंशेजारी पाण्याचा वाडगा ठेवलेला. बिनबर्फाचा!