माणसाला पाऊस कळू नये

नाय नाय, त्या ताडपत्रीचं मला बोलूच नका! चौदा होत्या, चौदाच्या चौदा स्लॅबच्या नावानं लिहिलेल्या होत्या, आणि साइटवरचा स्टोअरकीपर म्हणजे काय हो, कमरेला किल्ली लावायची आणि काळीज शिरगावला घरी ठेवून बोईसरला कामावर यायचं... मी काय त्या ताडपत्र्यांचा मालक हाय? पण जो तो मलाच विचारतो, "काय भगवंतभाऊ, जिव्याला एक दिली असती तर?" अरे दिली असती तर! मी म्हणतो, त्या जिव्याला पाऊस कळतच नसता तर? सगळ्याचं मूळ तिथं हाय. तुमाला सांगतो, माणसाला पाऊस कळू नये!

आता जिव्या कोण, तर विक्रमगडच्या वरच्या अंगाला, डोंगरात त्याचा पाडा, तिथं भाताचे दोन तुकडे, दोन्ही पावसावरचे. लावणी उरकली की आमच्या साइटवर कामाला यायचा आणि कापणीला परत जायचा. दिवसभरात चार वाक्यं बोलणारा माणूस, त्यातली दोन "हां साहेब." तर सप्टेंबरात तिसरा स्लॅब भरायचा होता, आणि आमचे इंजिनीअर निमेशसाहेब, वाईट माणूस नाय हां, फक्त मोबाइलवर देवासारखा भरवसा, ते सगळ्यांच्या नाकासमोर मोबाइल नाचवत फिरतायत, "देखो, जीरो परसेंट! आज बारिश का सवालही नहीं!" आणि हा बाबा खाली उभा राहून कारखान्याच्या चिमणीकडं बघतोय. म्हटलं, काय रे? तर म्हणतो, "धूर खाली बसला, भाऊ. दुपारी पानी येल." साहेब हसले, मिस्त्री हसले, मी तर असा हसलो की चहा शर्टावर... आणि दुपारी दोनला जो कोसळला, जो कोसळला, स्लॅबवरचं ओलं सिमेंट धुऊन थेट गटारात आणि वर नुसती खडी, दात विचकून आमच्याकडं बघतेय! चार दिवस ब्रेकरनं फोडत होते.

झालं! त्या दिवसापासून जिव्या म्हणजे हवामान खातं. साहेबांनी स्वतःच्या हातानं त्याला पांढरं हेल्मेट घातलं, इंजिनीअर घालतात तसलं! त्याची बायको बायडी एकदा त्याला भेटायला आली होती, तर ते हेल्मेट बघून पदर तोंडात कोंबून अशी हसत सुटली, की जिव्या लाजून मिक्सरच्या मागं जाऊन उभा राहिला. रोज सकाळी साहेब मोबाइल बघायचे, मग मोबाइल खिशात टाकून विचारायचे, "बोल जिव्या, क्या कहता है तेरा धुआँ?" हा धूर बघायचा, भिंतीवरच्या मुंग्या बघायचा, नाक वर करून वारा घ्यायचा, आणि सांगायचा. एकदा चुकला नाय. एकदाही नाय! आणि आमी टाळ्या वाजवायचो, बिनडोक लोक आमी... तुमाला सांगतो, माणसाला पाऊस कळू नये!

दिवाळीला चार दिवस घरी जाऊन आला तो. दोघा नवराबायकोनं मिळून दोन्ही तुकड्यांतलं भात कापलं, वाळायला शेतातच आडवं टाकलं, आणि हा पुढच्या स्लॅबसाठी परत आला. रविवारी जाऊन भारे बांधायचे असं ठरलेलं. आता घराजवळचा मोठा तुकडा म्हणजे पोटाचं भात, सोसायटीच्या बियाण्याचं, सगळ्यांकडं असतं तेच. पण ओढ्यापलीकडचा छोटा तुकडा, तो आईचा. त्याची आई जमना, तिनं कुठल्या तरी जुन्या भाताचं बी वर्षानुवर्षं कणगीत जपलेलं, शेणानं लिंपून, कुणाला हात लावू द्यायची नाय. त्या भाताला नाव नाय. पाड्यात सगळे "जमनाचं भात" म्हणायचे. शिजलं की खालच्या घरात वास जायचा म्हणे! आख्ख्या डोंगरात दुसऱ्या कुणाकडं ते राहिलं नव्हतं. यंदा तिनं कणगी झाडून सगळं पेरलं, आणि लावणी संपली त्याच आठवड्यात गेली. तापाचं निमित्त झालं.

तर मंगळवारी सकाळी हा माझ्या स्टोअरच्या खिडकीशी आला. तोंड उतरलेलं. म्हणतो, "भाऊ, समुद्रात काय तरी मोठं उठलंय. गुरवारी पानी येल. खूप येल." मी बाहेर बघतो तर लख्ख ऊन! म्हटलं जा, साहेबाला सांग आणि सुट्टी घे. गेला तो. आणि साहेबांनी काय केलं? विश्वास ठेवला हो! तीच तर गंमत! मोबाइलसुद्धा काढला नाय! "गुरवार? तो फिर स्लॅब कलही भरते हैं!" पंप बोलावला, गाड्या बोलावल्या, सगळीकडं पळापळ. जिव्या म्हणतो, "साहेब, माझं भात पडलंय शेतात. मला जाऊ द्या." साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "जिव्या, एक दिन. एकच दिवस. कब ढकना है, कौन बताएगा मुझे? तेरे भरोसे पे भर रहा हूँ मैं. परसों मेरी गाडी तुझे घर छोड़ेगी."

तुझ्या भरवशावर! त्याला जन्मात कुणी असं म्हटलं असेल? जंगलखात्यात, तालुक्याला, बाजारात, सगळीकडं "ए, बाजूला हो" ऐकलेला माणूस तो. डोक्यावरचं हेल्मेट सरळ केलं त्यानं. मग म्हणाला, "हां साहेब."

तिथंच माझ्या खिडकीशी उभा राहून बायडीला स्पीकरवर फोन लावला.

"भात उचल. गुरवारी पानी येल."

"इथं तर कडकडीत ऊन हाय."

"ऊन हाय तवरच उचल."

"एकटी मी किती उचलू? सगली आपापल्या शेतात. कोन येल माझ्या मदतीला?"

"व्हईल तेवढं उचल."

मग ती म्हणाली, "तू म्हनतोस तर येलच पानी," आणि फोन ठेवला.

मग तो मला म्हणाला, "भाऊ, एक ताडपत्री द्या. विक्रमगडचा टेम्पो हाय, त्याच्या हाती पाठवतो. रविवारी परत आनतो." आणि मी... मी काय म्हणालो? मी म्हणालो, "साहेबाची सही आण." साहेब पंपवाल्यावर ओरडत होते. तो दोन मिनिटं थांबला आणि खडी उचलायला गेला. बस. एवढंच झालं. बोला आता!

बुधवारी सातला स्लॅब सुरू. दुपारी बाराला मी वर गेलो, तर जिव्या चिमणीकडं टक लावून बघतोय. "भाऊ, गुरवारी नाय. आज येल. चारला." साहेबांना सांगितलं, साहेबांनी माणसं दुप्पट केली, आणि हा कोपऱ्यात जाऊन फोन लावतोय, परत लावतोय, परत... आणि ती बाई, किती गोड बोलते हो ती मेली, "आपण ज्या व्यक्तीशी संपर्क साधू इच्छिता, ती व्यक्ती संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे"... अकरा वेळा! घरातून शेतात उतरलं की रेंज नाय तिथं. साहेबाला वेळ कळली, बिल्डरला कळली, पंपवाल्याला कळली. बायडीला तेवढी नाय कळली!

साडेतीनला चौदा ताडपत्र्या अंथरल्या. चारला दहा कमी असताना आला. वारा असा, की कडेची ताडपत्री पतंगासारखी वर जाते, आणि जिव्या तिच्यावर पालथा पडला, हातपाय पसरून, आपल्या अंगानं स्लॅब झाकला त्यानं! मी बाजूचं टोक धरून बसलो होतो. त्याचं तोंड डोंगरांकडं. डोंगर कुठले दिसतात, नुसता काळा पडदा. मी ओरडलो, "काय बघतोस?" तो म्हणाला, "तिकडं जास्त हाय."

स्लॅब? आरशासारखा! कुठं एक टवका नाय. साहेबांनी सगळ्यांना पेढे वाटले, आणि शब्द पाळला, दुसऱ्याच दिवशी भर पावसात गाडी दिली. तुमाला सांगतो, माणसाला पाऊस कळू नये, आणि कळलाच तर दुसऱ्याच्या कामाचा कळू नये!

पुढचं त्यानंच मला सांगितलं, तेही मी चार वेळा विचारल्यावर. घरी पोचला तर बायडी ओट्यावर बसलेली, डोकं भारे वाहून सोललेलं. मोठ्या तुकड्यातलं निम्म्याहून जास्त तिनं एकटीनं घरात आणलेलं. आईचा तुकडा लांब, तो तिनं बुधवारी दुपारनंतर उचलायचा ठेवला होता. ओढ्यापलीकडं पहिला भारा बांधला आणि आभाळ फुटलं. ती म्हणाली, "मी पोटाचं आदी आनलं रे." तो म्हणाला, "बरोबर केलंस." दुसरं काय म्हणणार? दोघं गुडघाभर पाण्यात उतरली, आईचं भात चाचपून वर काढलं. तीन दिवस पाऊस थांबेना, ऊन नाय, वाळवायचं कुठं? चुलीवर सूप धरून त्यानं निदान एक मूठ बियाण्यापुरती वाळवायला घेतली, दाणा दाणा निवडून. तिसऱ्या दिवशी बघतो तर सुपातच हिरवे कोंब! सगळ्या मुठीला! सुपात उगवलं हो ते, ऐन कार्तिकात, लावायचं कुठं? मग बायडी म्हणाली, कुजून जाण्यापरीस खाऊ. राहिलेलं भिजकं भात तिनं खापरीत भाजलं, उखळात कांडलं, पोहे केले.

पुढच्या सोमवारी जिव्या कामावर आला, डबाभर पोहे घेऊन. एक मूठ मलाही दिली. मी घेतली, आणि कागदात बांधून खिडकीत ठेवली. साहेबांनी मात्र तोंडात टाकले आणि डोळेच मिटले. "अरे जिव्या, क्या खुशबू है! कौनसा चावल है ये?"

"आयचा."

"वा! माँ को बोलना, पुढच्या वर्षी माझ्यासाठी दहा किलो बाजूला ठेव. पक्का हां?"

जिव्यानं डबा त्यांच्याकडं आणखी सरकवला.

"खा साहेब. पुढल्या वर्साचंच खाताय तुमी."