पाचशे एमबीची आत्या

...आणि वर मलाच विचारतात, "काऊन चिल्लावून राह्यली तू?" चिल्लावू नको तर काय हार घालू?

तुम्हाला सांगते, आमचे लहानूकाका! तीस वर्षं एसटी चालवली, इंजिनाशेजारी बसून कानांचं जे व्हायचं ते झालं, पण अख्ख्या बोरगाव मेघेत आवाजातलं यांनाच कळतं! यांची सख्खी बहीण, माझी मीराआत्या, जयंतीला भीमगीतं गायची. माईक बंद पडला तरी शेवटच्या घरापर्यंत ऐकू जायचं! मग घशाचं ऑपरेशन झालं, गाणं गेलं. आता बोलते तेही कुजबुजल्यासारखं. उरली एक कॅसेट. ती मी लॅपटॉपवर उतरवली, वेव्ह फाईल, पाचशे एमबी, तसूभर न दाबता... ओळ उचलायच्या आधी आत्या श्वास घेते ना, तोसुद्धा ऐकू यायचा! उतरवून झालं आणि टेप तुटली. लॅपटॉप भरलेला, म्हणून फाईल पेनड्राइव्हवर हलवली आणि पेनड्राइव्ह दिला कुणाला? ...हो, काकांना. नव्हती दुसरी प्रत. हसा!

"पाचशे एमबी? एका बाईले? एवढ्यात तं आख्खं लग्न येते!" असं म्हणून काकांनी मंडळाच्या ग्रुपवर टाकायला तिची एमपीथ्री केली. करा! पण केवढी? बत्तीस केबीपीएस! दहा एमबी! ढोलकी पत्र्याच्या डब्यासारखी, आत्या विहिरीच्या तळाशी, आणि श्वास? गायब! मूळ फाईल कुठाय म्हटलं, तर, "डिलीट केली ना. जागा खात होती. आवाज येते ना? मंग झालं!" आणि त्या जागेत भरलं काय? त्यांच्या पोराच्या, सचिनच्या लग्नाचा व्हिडिओ!

मी रडले. खोटं कशाला सांगू? तर दुसऱ्या दिवशी काका हजर, छाती फुगवून. "घे! पुन्हा वेव्ह केली. पाह्य, पाचशे एमबी! हवा कमी केलती, भरून देल्ली."

हवा! अहो काका, टायर आहे का तो? तुम्ही गव्हाचं पीठ केलंत, आता पीठ पोत्यात भरलं म्हणून त्याचा गहू होतो?

"आवाज येते ना? मंग झालं!"

मी म्हटलं, चला आत्याकडे, तीच सांगेल! आत्यानं फोन कानाला लावला. मी वाट बघतेय, आता ही भावाला झापते... तर डोळे मिटून बसली. अख्खी फाईल संपेपर्यंत हलली नाही. मग माझा हात धरून कुजबुजली, "मीच व्हय का वं हे? केवढा मोठा आवाज होता माहा..."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. तोंड उघडलं नाही, पण ते वाक्य मला ऐकू आलं!

आले घरी. फुगवलेली तर फुगवलेली, ती पाचशे एमबी तीन ठिकाणी जपून ठेवली. फाईलला नाव काकांनी दिलंय, 'मीरा एकदम ओरिजनल'. ते बदलणंही माझ्याच्यानं झालं नाही.