तापलेल्या कॅमेऱ्याचा पाहुणचार

तुम्हीच सांगा, तोंडाला झाकण लावलेल्या कॅमेऱ्याने कोणी चित्र काढतं का हो? आमच्या पवनारच्या स्वयंपाकघरात काढलं! चांगलं पंधरा मिनिटं काढलं! दोन हजार नऊचा मे महिना, ऊन असं की कुत्रीसुद्धा धाम नदीच्या पाण्यात जाऊन बसलेली, आणि ही सिनेमावाली मंडळी त्या झाकणासमोर देवापुढे उभं राहावं तशी गप्प...

मी कशाला बोलले असते? पण शॉट माझा होता ना! संध्याकाळी खिडकीजवळ दिवा लावणारी बाई, ती मी. तुम्हाला सांगते, घरातल्या एकूण एक फोटोत मी अर्धी आहे, कुणाच्या तरी खांद्यामागे, हातात ताट... आणि इथे अख्खं तोंड, भिंतीएवढं! रोहण्याला दिलेली आमची आचल फोनवर म्हणाली, "आई, तू दिसशीन तं मी अख्ख्या गावाले घेऊन येईन!"

कॅमेरा सांभाळणारा नीलेश पुण्याचा, तिशीतला, मोठा गुणी. मी विचारलं, "काऊन रे बाबू, त्याचं तोंड काऊन झाकून राह्यला?" तर म्हणाला, "काकू, अंधारात कॅमेऱ्याला नसलेले ठिपके दिसतात, मुंग्या चालल्यासारखे. म्हणून आधी त्याला नुसता काळोख दाखवायचा. त्यात जे दिसेल ते त्याचं स्वतःचं. ते तो लक्षात ठेवतो आणि चित्रातून वजा करतो. काळं काळंच दिसायला पाहिजे ना, काकू!"

मला किती आवडलं ते! मी पाटावरच बसले डोळे मिटून... म्हटलं, माणसालाही हे जमलं असतं तर? डोळ्यांवर पदर घ्यायचा, आतले आपलेच ठिपके बघायचे. शेजारच्या शोभाबाई हळदीकुंकवाला बोलवायला विसरल्या तो एक, सासूबाई भाकरीवरून बोलल्या तो एक... सगळे वजा! मग जग कसं, पहाटेच्या डोहासारखं...

"अवं, झोपली का? चहा मांड ना!" आमचे हे, प्रभाकरराव, घरापुढच्या आमच्या किराणा दुकानातून ओरडले. काळं काळंच दिसायला पाहिजे, पण चहा आधी दिसायला पाहिजे!

चहा घेऊन मंडळी ओसरीवर गेली. कॅमेरा एकटा. हात लावला तर तव्यासारखा तापलेला! आता मेच्या उन्हात पाहुणा तापून बसलाय आणि वर्ध्याकडची बाई कूलर दुसरीकडे ठेवेल? आमच्यात नवरा भाजला तरी चालेल, कूलर पाहुण्याकडे! मी फिरवला. पाणी भरलं, वाळ्याचा वास सुटला, कॅमेरा गार, मी धन्य...

नीलेश आला आणि डोक्याला हातच लावला. "काकू! तो तापलेलाच हवा होता! तापल्यावरचे ठिपके मोजलेत. गार झाला की ठिपके बदलतात. आता आहेत एक, वजा होतायत दुसरेच!" कॅमेऱ्याला जोडलेल्या टीव्हीवर पाहिलं, तर काळ्यात लाल-हिरव्या मुंग्यांची जत्रा!

हे म्हणाले, "घ्या! कॅमेऱ्याले सर्दी करून ठेवली हिनं!"

कूलर बंद. अर्धा तास त्याला तापवा, मग पुन्हा झाकण, पुन्हा पंधरा मिनिटं. मी आपली ठेवणीतली साडी नेसून, वातीला तेल लावून उभी. आणि खिडकीत संध्याकाळ... आधी तांबूस, मग जांभळी, मग अशी निळी की बोलावंसंच वाटेना. सगळे झाकणाकडे बघत होते हो, ती संध्याकाळ मी एकटीने पाहिली.

"झालं, काकू! एक ठिपका नाही!" खरंच, काय सुरेख काळं! पण खिडकीही तशीच काळी. दिग्दर्शक बाई हळूच म्हणाल्या, "तोंडावर खिडकीचा उजेड हवा होता, आणि आम्हाला तर उद्या नागपूर गाठायचंय..."

काळं काळंच दिसायला पाहिजे. दिसलं!

दुसऱ्या दिवशी सकाळी अंधार करायला त्यांनी खिडकीला जाड कापड ठोकलं, मी दिवा लावला, आणि दिव्याच्या एवढ्या उजेडात एवढंच येतं म्हणून कॅमेऱ्यात माझा उजवा हात मनगटापर्यंत घेऊन ते निघून गेले.