न दिसणारा तक्ता

दंतवैद्याच्या दाराबाहेर निवृत्त हेडमास्तर सुजलेला गाल धरून बसले होते. शेजारी एकाच ऑफिसातले दोघं कुजबुजत होते, एक बाई आणि तिथला डेटाबेस सांभाळणारा गृहस्थ. मास्तरांनी कान टवकारले. दुखत होती ती दाढ, कान ठणठणीत होते.

"जो तक्ता उघडायची मला परवानगीच नाही, त्याचं नाव तरी दाखवलंत कशाला?"

"अगं, काय काय आहे ते कळावं म्हणून. पारदर्शकता!"

"आणि नाव काय, तर 'कमी करायची माणसं'! क्लिक केलं की 'आपणास अधिकार नाही'. तीन दिवस सगळं ऑफिस दुसरं काही करत नव्हतं."

"म्हणूनच साहेब म्हणाले, ज्याला उघडत नाही त्याला दिसूही नये. सकाळीच तशी सोय केली."

"वा! आता सगळे म्हणतात, यादी पक्की झाली."

"दाखवला तरी बोंब, लपवला तरी बोंब."

"ते राहू दे. तुला तर सगळंच दिसतं. खरं सांग, माझं नाव आहे?"

"सकाळी तरी नव्हतं."

"आणि आता?"

"आता बघता येत नाही. जेवून आलो, तर मलाही तो तक्ता दिसेना."

"अरे, पण लपवलास तूच ना?"

"हो ना. सोय अगदी चोख झालीय."

बाईने त्याच्या गालाकडे पाहिलं.

"एकच दाढ दाखवायचीय तुला?"

"एकच."

"सगळे दात तपासून घे आजच. कंपनीचा विमा आहे तोवर."

आतून मास्तरांचा नंबर पुकारला गेला.

"आधी यांना घ्या," गाल सावरत, त्या गृहस्थाकडे बोट करत मास्तर म्हणाले.