मोठे केलेले खिसे

सेक्टर ३४ मधल्या ॲक्युपंक्चरच्या दवाखान्यात आजी गुडघ्याला सुया टोचून घ्यायला आत गेली, आणि बाहेर बसलेल्या क्षितिजाच्या कानावर या हिंदी मुलखात चक्क मराठी पडलं. शेजारी एक निवृत्त कर्नल आणि त्यांची बायको बसली होती. ‘काका, आम्हीपण मराठी!’ असं ती ओरडणारच होती, तेवढ्यात काकू म्हणाल्या,

“खिशातून हात काढा हो. इथे सगळेच पेशंट आहेत.”

“सवय झालीय, रत्ना.”

“लकवा झाल्यावर मेसमध्ये लोक बघतील म्हणून खिशात घातलात, तो वर्षभर तिथेच राहिला.”

“आणि खिसे मोठे कुणी करून दिले?”

“मीच. हात अडकायचा तुमचा, मला बघवेना. तिकडे फिजिओवाली व्यायामासाठी घसा फोडत होती आणि इकडे मी मशीनवर बसून खिसे वाढवत होते.”

“तू माझी अब्रू राखलीस गं.”

“अब्रू राहिली, हात गेला.”

“सुयांनी येईल ना परत?”

“डॉक्टर म्हणाले, सुया नुसती मदत करतील. हलवायचा तुम्हालाच.”

“आणखी काय म्हणाले?”

“लवकर यायला हवं होतं म्हणाले.”

“हे नव्हतं सांगितलंस.”

“कसं सांगणार?”

क्षितिजाने मान खाली घातली. आतून हाक आली, “कर्नल साब, आइए जी!”

“उठा. काठी घ्या.”

“रत्ना, घरी गेल्यावर मशीन काढ.”

“आता काय शिवायचंय?”

“खिसे. सगळ्यांची तोंडं बंद करून टाक.”