बिनशिक्क्याचं इंजिन

केक नव्हता हो! तुम्हाला सांगतो, ऑफिसातून दमून आलेला माणूस, स्वयंपाकघरात ओव्हनचा लाल दिवा पेटलेला, आतून मंद ऊब येतेय, आता अशा माणसाच्या मनात दुसरं काय येणार? मी आपला एका हातात बशी, दुसऱ्या हातात सुरी, तोंडाला पाणी सुटलेलं, हळूच दार उघडतो तर आत ट्रेमध्ये काय? विमानाचं इंजिन! हसू नका! छोट्या विमानाचं, म्हणजे ते हौशी लोक मैदानावर उडवतात ना, त्या विमानाचं. लिंबाएवढं. पण इंजिन ते इंजिनच, आतमध्ये दट्ट्या, वर कल्ले, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पातळ चकत्या, पुढे पंखा लावायची दांडी, सगळं अगदी साग्रसंगीत! आणि मागून आवाज, "जावईबापू, दार लावा. ऊब जातेय."

सासूबाई.

आता ह्यावर काय बोलणार? मी गप्प. बशी ठेवली, सुरी ठेवली.

तर प्रकार असा आहे, की ही इंजिनं पन्नास-साठ वर्षं जुनी. त्यांच्या तेलात एरंडेल असायचं. इंजिन वर्षानुवर्षं माळ्यावर पडून राहिलं, की ते एरंडेल आत सुकतं आणि डिंकासारखं घट्ट धरून बसतं. मग आपल्यासारखा अडाणी माणूस काय करतो? पंखा धरतो आणि जोर लावतो. कट्! आतला दांडा वाकला. इंजिन गेलं. सासूबाई म्हणतात, "रुसलेल्याला ओढायचं नसतं, ऊब द्यायची." म्हणून ओव्हन! बरं, एवढ्या मायेनं त्या माझ्याशी कधी बोलल्यात का? छे! मी रुसलो तर म्हणतात, "ह्यांचं पोट बिघडलंय, ताक द्या."

सासूबाई कोण, ते सांगायला हवं तुम्हाला. एकतीस वर्षं कारखान्यात तपासणी विभागात होत्या. तयार झालेला भाग हातात घ्यायचा, मापायचा, पास किंवा नापास. मला पहिल्यांदा भेटल्या तेव्हा त्यांनी असं वरून खाली पाहिलं, की मला वाटलं, झालं, आपण दोन सुतांनी जाड भरलो! निवृत्त झाल्या, आमच्याकडे राहायला आल्या, आणि लोक काय काय आणतात, पलंग आणतात, कपाट आणतात, ह्यांनी काय आणलं? बिस्किटांचे चौदा डबे. मी खूश! उघडले. इंजिनं. एकेक मऊ फ्लॅनेलच्या कापडात गुंडाळलेलं, जणू बाळंतघरातून आणलंय.

आणि एकदा मी काय केलं... त्यांना चांगलं वाटावं म्हणून केलं हो! त्यांचा वाढदिवस होता. म्हटलं एक इंजिन चकचकीत करून देऊ. पितळेचं पॉलिश घेतलं, दात घासायचा जुना ब्रश घेतला, वीस मिनिटं घासघास घासलं, आरशासारखं केलं आणि रुमालावर ठेवून पुढे केलं. बाईंनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग अगदी शांतपणे म्हणाल्या, "हा रंग चढायला त्याला साठ वर्षं लागली होती." बस्स! ओरडल्या असत्या तर परवडलं असतं! ते इंजिन अजून वेगळ्या डब्यात आहे. डब्यावर चिठ्ठी आहे. चिठ्ठीवर 'जावई' एवढंच लिहिलंय. आता ह्यावर काय बोलणार? मी गप्प.

पण तुम्हाला खरं सांगू का, बाईंचा हात म्हणजे हात आहे! दर रविवारी जुन्या बाजारात जायचं. गाडी मी चालवायची, हे ठरलेलंच. तिथे तो दुकानदार, "या आजी, या! हे बघा, एकदम ओरिजिनल!" बाई काय करतात, इंजिन तळहातावर घेतात, डोळे मिटतात आणि कल्ल्यांवरून नख फिरवतात, टिक टिक टिक टिक... मग डोळे उघडतात. "अर्धं."

"काय अर्धं, आजी?"

"अर्धं ओरिजिनल. खालचं धड एकाचं, वरचं डोकं दुसऱ्याचं. ह्या धडाला सहा कल्ले लागतात, इथे सात आहेत. आणि हा स्क्रू तुम्ही काल लावलाय."

"काल नाही हो आजी, परवा!"

बघा! स्वतःच कबूल! तो दुकानदार हल्ली आम्ही दिसलो की काही डबे आधीच गल्ल्याखाली सरकवतो. शिक्का खोडलेला असो, नंबर घासलेला असो, गंज चढलेला असो, धातू वाळूत ओतलाय का लोखंडी साच्यात, हवा पुढून घेतं का मागून, सगळं हाताला कळतं हो त्यांच्या!

आणि एवढं सगळं कळणाऱ्या बाईंना एकच इंजिन मिळत नव्हतं. एकोणीस वर्षं! एका छोट्या कारखान्यानं पहिलीवहिली काही इंजिनं काढली म्हणे, त्यांच्यावर शिक्का मारायचं राहूनच गेलं. पाच कल्ले, गोल पोट आणि हवेची नळी कोपरासारखी वाकडी. बाईंनी ते प्रत्यक्ष कधीच पाहिलेलं नाही. एका जुन्या मासिकातलं पुसट चित्र, तेवढंच. ते कापून चष्म्याच्या डबीत ठेवलंय. मी चष्मा आणून द्यायला गेलो की आधी विचारतात, "चित्र पडलं नाही ना?"

तर मागच्या महिन्यात फोन आला. कोणी एक नर्सबाई, जुन्या बाजारातल्या त्या दुकानदारानंच नंबर दिला म्हणे. वडील घड्याळजी होते, वारले, दुकान रिकामं करून द्यायचंय, आणि तिथे 'पंख्यांची बारकी बारकी मशिनं' सापडलीत. सासूबाई फोन ठेवेपर्यंत चपला घालून तयार! माझा घास हातात!

दुकान म्हणजे काय, जिन्याखालची खोली. मी आणि काउंटर एकाच वेळी आत मावत नव्हतो. भिंतीवर बंद पडलेली घड्याळं, प्रत्येकाची वेळ वेगळी. नर्सबाई ड्यूटीवरून थेट आलेल्या, डोळ्यांखाली काळं, आणि दारात भंगारवाला पोतं उघडून उभा. "ताई, लवकर बघा, मला पुढे जायचंय." नर्सबाई म्हणाल्या, "मावशी, तुम्हाला हवं ते घ्या. उरलेलं हा नेईल. मला ह्यातलं काहीसुद्धा नकोय. बाबांनी सगळा जन्म ह्या भोकात काढला. आम्ही घरी वाट बघायचो. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माणसाला घरी यायची वेळ काही कळली नाही!"

आता ह्यावर काय बोलणार? मी गप्प. भंगारवालासुद्धा गप्प.

बाईंनी डबे उघडायला सुरुवात केली. हे साधं, हे बरं, ह्याचा पंखा नाही, हे राहू दे... आणि चौथ्या डब्यात हात घातला तो तसाच राहिला. म्हणाल्या, "जावईबापू, बसायला काहीतरी द्या." बसायला? अहो, रेशनच्या रांगेत दोन तास ताठ उभी राहणारी बाई! मी स्टूल सरकवलं. त्यांच्या हातात बघितलं. पाच कल्ले. गोल पोट. कोपरासारखी नळी. शिक्का? नाही!

आणि तिकडे नर्सबाई म्हणतायत, "न्या हो मावशी, सगळंच न्या, फुकट न्या, जागा मोकळी होऊ दे." मी तुम्हाला सांगतो, मी आयुष्यात एवढा चपळ कधी झालो नव्हतो. डबे काखेत, पाय उंबऱ्याबाहेर, "बरं येतो हं ताई, काळजी घ्या, तब्येत सांभाळा..."

"जावईबापू, थांबा."

थांबलो. काय करता?

बाईंनी इंजिन डोळ्यांजवळ नेलं. तिथलंच घड्याळजींचं भिंग उचललं, डोळ्याला लावलं. नख फिरवलं, टिक टिक टिक... मग पुन्हा उलटं फिरवलं. तोंड बारीक झालं. "हे ते नाही," म्हणाल्या. मला वाटलं, रडतात की काय! एकोणीस वर्षं हो! पण त्या बघतच राहिल्या, आणि त्यांचा चेहरा... कसं सांगू तुम्हाला... कारखान्यात कधी तरी एखादा भाग असा यायचा म्हणे, की मापायची पट्टी खाली ठेवून नुसतं बघत बसावं, तसा झाला.

"मुली, तुझे वडील डावखुरे होते?"

नर्सबाई दचकल्या. "हो. तुम्हाला कसं कळलं?"

"कानशीचे ओरखडे उलट्या बाजूनं आलेत. आणि हे स्क्रू घड्याळाचे आहेत. हे ओतलेलं नाही, अख्ख्या ठोकळ्यातून कोरून काढलंय. हे कुठल्या कारखान्याचं नाही. हे तुझ्या वडिलांनी बनवलंय."

मी मागून पदर ओढतोय! म्हणजे ओढला नाही, ओढायची हिंमत कुठली, मनातल्या मनात ओढला. अहो, गप्प बसा ना! ती देतेय, तुम्ही घेताय, मध्ये इतिहास कशाला! पण त्या काही ऐकतात? घड्याळजींचाच बारका स्क्रूड्रायव्हर घेऊन इंजिनाची पाठ उघडली. चार स्क्रू, चारही भंगारवाल्याच्या तळहातावर ठेवले, "सांभाळ रे!" तोही बिचारा देवाचा अंगारा धरावा तसा उभा! आणि आतल्या बाजूला, घड्याळजी लोक दुरुस्तीची खूण कोरतात ना तशी, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात एक तारीख आणि पुढे, 'बारा फेऱ्या'.

नर्सबाईंनी भिंग डोळ्याला लावलं आणि एकदम म्हणाल्या, "तेरा."

"काय?"

"तेरा झाल्या होत्या. माझा आठवा वाढदिवस... मैदानावर... विमान दोन तारांना बांधलेलं, गोल गोल फिरायचं, आणि मूठ माझ्या हातात होती. बाबा मोठ्यांदा मोजत होते. तेराव्या फेरीला मला चक्कर आली आणि मी बाबांच्या अंगावर ओकले. तारा सुटल्या, विमान मोडलं. घरी येताना मीच म्हटलं, परत मला नेऊ नका. मला वाटलं... मला वाटलं ते बाजारातून आणलेलं खेळणं होतं."

बाई म्हणाल्या, "अशा एका ठोकळ्याला वर्ष-दीड वर्ष लागतं, मुली. आणि ह्या माणसानंही नुसतं ते चित्रच पाहिलं असणार. मी चित्र घेऊन एकोणीस वर्षं शोधत बसले, आणि ह्यानं चित्र घेऊन सरळ बनवलं." इंजिन तिच्या ओंजळीत ठेवलं. "हे भंगारात देऊ नकोस. मलाही देऊ नकोस."

मलाही! ऐकलंत ना? भंगारवाल्यानं चार स्क्रू मोजून परत दिले आणि एक मोडकं स्टूल घेऊन निघून गेला. मी डबे काखेतून काढून खाली ठेवले.

गाडीत बसल्यावर मात्र मी धाडस केलं. म्हटलं, "आई, एक शब्द बोलला नसतात तर ते आत्ता आपल्या मांडीवर असतं." बाई खिडकीबाहेर बघत होत्या. म्हणाल्या, "एकतीस वर्षं खोटा माल दाराबाहेर सोडला नाही. आज मीच खोटी होऊन बाहेर पडले असते?"

आता ह्यावर... जाऊ द्या. त्या दिवशी गप्प बसायला मला पहिल्यांदा बरं वाटलं, एवढंच सांगतो.

गोष्ट इथे संपायला हवी होती हो! माझ्या दृष्टीनं तरी. पण पुढच्या रविवारी दुपारी दारावर नर्सबाई, हातात ते इंजिन. "मावशी, हे फिरत नाही. फिरेल का पुन्हा?" मग काय! ओव्हन. मंद आच. दोघी ओव्हनसमोर खुर्च्या टाकून बसल्या, जशी काही आत नात झोपलीय. तासाभरानं बाईंनी बाहेर काढलं, दोन बोटांनी दांडी हलवली, आणि सुळ्ळकन फिरलं! गच्चीवर नेलं, लाकडी ठोकळ्यावर घट्ट बसवलं, इंधन घातलं, पंखा लावला. इंधनाची बाटली उघडल्याबरोबर असा ईथरचा, दवाखान्यासारखा वास सुटला, की नर्सबाई म्हणाल्या, "बाबांच्या शर्टाला हाच वास यायचा. मला वाटायचं, बाबा चोरून कुठल्या दवाखान्यात जातात!" आणि हसत होत्या, आणि डोळे पुसत होत्या.

आता हे इंजिन सुरू करायचं म्हणजे पंख्याला बोटानं टिचकी मारायची. बाईंची बोटं सांध्यांतून धरलेली, नर्सबाईंना भीती. दोघींनी माझ्याकडे पाहिलं. मारली. काही नाही. पुन्हा मारली. फुस्स. तिसऱ्यांदा, सातव्यांदा, विसाव्यांदा मारली, आणि एकदम टर्रर्रर्र! असा आवाज, की समोरच्या बिल्डिंगीतल्या सगळ्या खिडक्या उघडल्या! एवढंसं लिंबू, पण ठोकळ्यासकट टेबल थरथरतंय, काळं तेल माझ्या पांढऱ्या शर्टावर, आणि नर्सबाई कानावर हात ठेवून ओरडतायत, "बंद करू नका! बंद करू नका!" सासूबाई डोळे मिटून ऐकत होत्या. बराच वेळ. मग एकच शब्द म्हणाल्या.

"पास."

एकतीस वर्षांत कुणी तो शब्द त्यांच्या तोंडून इतक्या हळू ऐकला नसेल. मी इतका हेलावलो, इतका हेलावलो, की भान न राहता हात पुढे केला आणि पंख्यानं बोट फोडलं! बोंब मारली मी! नर्सबाईंनी क्षणात पर्स उघडली, औषध लावलं, पट्टी बांधली, अशी सुबक, काय सांगू! सासूबाईंनी पट्टी उलटसुलट करून नीट तपासली आणि समाधानानं मान हलवली. म्हणाल्या, "वा! म्हणजे आता काळजी नाही. नर्स दर रविवारी येणारच आहे, तेव्हा टिचकी मारायचं काम कायमचं जावईबापूंकडे."