सैल केबल

कोइमतूरच्या इस्पितळात माझ्या शेजारी दोघं बसले होते. पत्रा दाबायच्या प्रेसखाली हात गेलेल्या सेल्वमची बायको मल्लिगा आणि त्याच्या कारखान्यातला मेकॅनिक कदिरवेल.

"अण्णा, हात आत असला की प्रेस थांबते, असं हे सांगायचे."

"थांबते. कॅमेऱ्यातून कॉम्प्युटरला हात दिसतो."

"मग आज?"

"मधली यूएसबी केबल हादऱ्यांनी निसटली. घरच्या प्रिंटरला असते तसली. कॉम्प्युटरला आधीचंच चित्र दिसत राहिलं, रिकाम्या जागेचं."

"पहिल्यांदाच निसटली?"

"तिसऱ्यांदा. स्क्रूने आवळायची केबल मागितली होती मी. मालक म्हणाले, तोवर हिच्यावरच चालव."

"ह्यांना सांगितलं होतं?"

"नाही."

"का?"

"सांगितलं असतं तर तो प्रेसवर कामाला उभा राहिला नसता, अम्मा."